मंडपेश्वरचा मठ आणि आपला वारसा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिली हा शब्द गेले वर्षभर आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्या शब्दाचे मूळ कोठे आहे याचा विचार आपण क्वचितच करितो. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी रणशिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, विकली गेलेली जमीन मूळच्या कुळास परत द्यावी, आणि प्रत्येकाने आपापल्या वतनास परत जावे, असा तो नियम. तेव्हा ज्युबिलीचे वर्ष हे केवळ पताका लावण्याचे व बँड वाजविण्याचे वर्ष नव्हे. ते हिशेबाचे वर्ष आहे. आपल्याजवळ जे आहे ते मूळ कोणाचे, ते आपल्या हाती कसे आले, आणि ते आपण पुढे कोणाच्या हाती देणार, हे तीन प्रश्न आपण आपणांस विचारावेत, यासाठी ते आपणांस दिलेले आहे.

यांपैकी पहिला प्रश्न आम्हांस एका मुलाने विचारिला. गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. कॉलेजात शिकणारा आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा रविवारची मिस्सा आटोपल्यावर वस्त्रागाराच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या वर्गातील मित्रांनी त्यास विचारिले होते, "तुमचे मंडपेश्वरचे चर्च आमच्या देवळावर बांधले, हे खरे काय?" तो म्हणाला, "फादर, मी त्यांना काय सांगू?" आम्ही घाईत होतो, निदान घाईत आहोत असे दाखविले. "बाळ, तो फार जुना इतिहास आहे, तू त्यांच्याशी वाद घालू नकोस," एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. मुलगा "बरे, फादर" म्हणून नम्रपणे निघून गेला. परंतु त्याचा उतरलेला चेहरा आमच्या डोळ्यांपुढून गेला नाही. लेकराने भाकर मागितली आणि आम्ही त्याच्या हाती धोंडा ठेविला, ही टोचणी मनास लागून राहिली. पुढे ज्युबिली समितीने "आपला वारसा" या विषयावर चार शब्द बोलण्यास आम्हांस सांगितले, तेव्हाच ठरविले की, त्या दिवशी टाळलेले उत्तर आज सर्वांसमक्ष द्यावयाचे.

आपल्या उपनगरातील ख्रिस्ती धर्मग्रामांची वंशावळ शोधीत गेले म्हणजे आपण ज्या काही थोड्या जागी येऊन पोहोचतो, त्यांपैकी एक जागा बोरिवली आणि दहिसर यांच्या मध्ये, रेल्वेच्या पश्चिमेस आहे. तेथे एक लहानशी टेकडी आहे. टेकडीच्या पोटात लेणे आहे, माथ्यावर एका जुन्या मठाच्या भिंती व कमानी छपरावाचून उभ्या आहेत, आणि परिसरात निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचे आजचे मंदिर आहे. पोट, माथा आणि परिसर, असा हा तीन मजल्यांचा इतिहास आहे. तो आपण खालून वर वाचावा, कारण इमारत खालूनच उभी राहते.

खालचा मजला शिवाचा आहे. मंडपेश्वरचे लेणे सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान कोरले गेले असावे असे विद्वान मानितात. अखंड खडक तासून खांबांचा मंडप काढला आहे, आत गाभारा आहे, आणि एका बाजूच्या दालनात नृत्य करणारा शिव असून भोवती देवगण आहेत. पुष्कळ शिल्पे आज भग्न आहेत. तरीही ज्या अनाम पाथरवटांनी टाकी-हातोड्याने हे काम केले, त्यांनी आपल्या परमेश्वरविषयक कल्पनेस आपले उत्तमोत्तम अर्पण केले, हे कोणाही डोळस मनुष्यास दिसते. घारापुरी, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही एकाच परंपरेची लेणी होत. आणि पूर्वेकडे डोंगरात कान्हेरीस बौद्ध भिक्षूंचे विहार होते. म्हणजे आपली साष्टी, जिला आपण आज मुंबईची उपनगरे म्हणतो, ती फ्रान्सिस्कन संन्याशांचे पाऊल पडण्यापूर्वी हजार वर्षे मठांची व तपस्व्यांची भूमी होती. येथे पहिला मठ आमच्या लोकांनी बांधिला, असे आम्हांस म्हणता येत नाही.

मधला मजला मठाचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांस तहाने दिला, आणि साष्टी बेट त्यांच्या हाती आले. सैनिकांच्या व व्यापाऱ्यांच्या मागोमाग संत फ्रान्सिसच्या संघाचे संन्यासी आले. त्यांचा अग्रणी फादर आंतोनिओ दो पोर्तो. सोळाव्या शतकाच्या मध्यात त्याने मंडपेश्वरच्या लेण्याचे ख्रिस्ती मंदिर केले व टेकडीवर मठ आणि विद्यालय स्थापिले. परंपरेने १५४४ हे साल मंदिराच्या स्थापनेचे मानितात. पूर्वी देवळांच्या खर्चास लावून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने विद्यालयाच्या नावे करून दिले. नवख्रिस्ती कुटुंबांतील मुले व पोरकी बालके तेथे राहत आणि शिकत. मंडपेश्वर हे नाव पोर्तुगीज जिभेवर 'मोंपेझर', 'मोंपासेर' असे झाले, आणि आजचे 'माउंट पॉइन्सर' हे त्याच कुळातील नाव असे मानितात. मौज पाहा : मालकी बदलली, वेदी बदलली, पण टेकडीचे जुने नाव संन्याशांसही पुसता आले नाही. ते त्यांच्याच कागदपत्रांत वेश पालटून राहिले.

आता त्या मुलाच्या प्रश्नास आम्ही येतो. हे मंदिर दुसऱ्यांच्या देवस्थानात उभे राहिले काय? होय, राहिले. ज्या लोकांचे ते देवस्थान होते त्यांची मनोभावे संमती घेऊन राहिले काय? नाही. वसई व साष्टीत पुष्कळ देवळे पाडली गेली, आणि ही गोष्ट आमच्या शत्रूंनी रचिलेली नाही. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन संघाचा इतिहासकार फ्रे पावलो द त्रिंदाद याने आपल्या बांधवांचे हे पराक्रम अभिमानाने लिहून ठेविले आहेत. ज्यास आमच्याच लेखकाने भूषण मानून नोंदविले, ते आम्ही आज नाकारू लागलो तर आम्ही इतिहासाशीही प्रामाणिक राहणार नाही व आठव्या आज्ञेशीही.

काही सज्जन म्हणतात की, तो काळच तसा होता. हे खरे आहे, परंतु पुरेसे नाही. त्या काळाच्याही फार पूर्वी पवित्र सभेत या प्रश्नाचा विचार झालेला होता. इ. स. ६०१ मध्ये थोर पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडातील केंटचा राजा एथेलबर्ट यास पत्र लिहून मूर्तिपूजेची स्थाने मोडून टाकण्यास सांगितले. पण त्यांनी त्या गोष्टीवर पुन्हा विचार केला, आणि महिना लोटतो न लोटतो तोच मठाधिपती मेलिटस यांस दुसरे पत्र धाडिले की, देवळे पाडू नयेत. त्यांतील मूर्ती काढून तीर्थ शिंपडावे आणि त्याच वास्तूत लोकांस प्रार्थनेस येऊ द्यावे. आमच्या मंडपेश्वरास यांतील दुसरा सल्ला लागू झाला असे कोणी म्हणेल, कारण लेणे फोडून टाकिले नाही, त्याचेच मंदिर केले. तथापि केंटमध्ये राजाने स्वतः ख्रिस्तदीक्षा घेतली होती. येथे परमुलखातील राजाची तलवार संन्याशाच्या पाठीशी उभी होती. हा भेद लहान नाही. आज लेण्याच्या बाहेरच्या बाजूस भिंतीत कोरलेला भला मोठा क्रूस दिसतो. क्रूस हे आपल्या तारणाचे चिन्ह होय. पण ज्याने स्वतः क्रूस वाहिला त्याने तो दुसऱ्याच्या भिंतीवर कधी ठोकला नाही, हे त्यापुढे उभे राहिले असता आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

याविषयी आम्ही आमच्या पदरचे काही सांगत आहोत असे कोणी समजू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केले की, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यापैकी कशाचाही पवित्र सभा अव्हेर करीत नाही; आणि त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी असे शिकविले की, धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये. पुढे २००० सालच्या महाज्युबिलीत, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, १२ मार्च रोजी, पोप योहान पौल दुसरे यांनी संत पेत्राच्या मंदिरात, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लेकरांनी जी जुलमाची साधने वापरली त्यांबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. ध्यानात घ्या, ती क्षमा ज्युबिलीच्याच वर्षी मागितली गेली. पोपमहाराजांस जे बोलण्यास कमीपणा वाटला नाही, ते बोलण्यास बोरिवलीच्या धर्मगुरूस का वाटावा?

परंतु बंधुभगिनींनो, न्यायाच्या तागडीत दोन पारडी असतात. त्या मठाने जे दिले तेही तोलले पाहिजे. ज्या काळी कोळ्या-कुणब्यांच्या पोरास अक्षर शिकविणारा कोणी नव्हता, त्या काळी त्या टेकडीवर त्यांची मुले वाचावयास, लिहावयास व गावयास शिकली. आणि त्या संघाने आपली भाषाही आपणांस परत दिली. गोमंतकात येशूसंघीय फादर टॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, हे सर्वांस माहीत असते. पण आपल्या वसई-साष्टीच्या मराठीत फ्रान्सिस्कन संन्यासी फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमाराइंश यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण रचिले व ते १६५९ साली लिस्बन शहरात रोमन लिपीत छापले गेले, हे थोड्यांसच ठाऊक असते. समुद्रापलीकडे छापलेले हे पुस्तक आमच्या पाड्यापाड्यांत उपवासकाळात गाइले जाई. दूरदेशीच्या मनुष्याने आमची बोली शिकावी, तिच्यात ओवी रचावी, आणि ती आमच्या आजीपणजीच्या तोंडी बसावी, यास केवळ सत्तेचे काम म्हणता येणार नाही. तेथे प्रेमही होते.

आता वरच्या मजल्याकडे जाण्यापूर्वी क्षणभर युरोपाकडे पाहू. कारण मठाचे धर्मग्राममंदिर कसे होते हे तेथे चांगले दिसते. गंमत अशी की, आपल्याकडे मठ उघडत होते त्याच सुमारास इंग्लंडात ते बंद पडत होते. आठव्या हेन्री राजाने १५३६ पासून चार-पाच वर्षांत त्या देशातील सारे मठ मोडून त्यांची मालमत्ता जप्त केली. ट्यूक्सबरी नावाच्या गावी बेनेडिक्टीन संन्याशांचे मोठे मंदिर होते. ते ११२१ साली अर्पण झाले होते. १५४० च्या जानेवारीत तो मठ राजाच्या हाती गेला. छपरावरील शिसे व घंटांचा धातू वितळवून विकावयाचा, असा बेत. तेव्हा गावकरी पुढे आले. या मंदिराच्या एका भागात आम्ही पिढ्यानपिढ्या प्रार्थना करीत आलो आहो, असे म्हणून त्यांनी ४५३ पौंड गोळा केले आणि अवघे मंदिर विकत घेतले. रॉम्झी गावच्या लोकांनी १५४४ साली शंभर पौंड भरून आपल्या गावचे मठमंदिर असेच राखिले. ही दोन्ही मंदिरे आज अँग्लिकन पंथाची आहेत, परंतु उभी आहेत, आणि अद्याप धर्मग्रामाची मंदिरे आहेत. गोमंतकातही असेच झाले. रेइश मागुश येथील मंदिर फ्रान्सिस्कनांनी १५५५ साली बांधिले. १८३५ मध्ये सरकारने गोमंतकातील मठ बंद केले, संन्यासी गेले, पण मंदिर धर्मग्रामाचे म्हणून आजही नांदते आहे. या सर्वांवरून एकच गोष्ट दिसते. मठ राजाच्या देणगीवर उभा राहतो आणि राजाच्या मर्जीबरोबर कोसळतो. धर्मग्राम लोकांच्या जिवावर उभा राहतो, आणि लोक असेपर्यंत तो मरत नाही.

आपल्या मंडपेश्वराची कसोटी १७३९ साली लागली. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३७ मध्ये ठाणे व साष्टी घेतली होती. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. युरोपीय संन्यासी निघून गेले. राजाने लावून दिलेले उत्पन्न बंद झाले. विद्यालयाची घंटा थांबली. पुढे छपरे गेली, भिंतींत पिंपळ रुजले. ज्या जमिनींच्या उत्पन्नावर मठ उभा होता त्या गेल्या आणि मठही गेला. संत फ्रान्सिसने आपल्या बांधवांस धनास शिवू नका असे का बजाविले होते, ते त्या पडक्या भिंती आज कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट सांगतात.

आणि येथेच, बंधुभगिनींनो, आपला खरा इतिहास सुरू होतो. संन्यासी गेले, पण लोक राहिले. तहाच्या अटींत ख्रिस्ती लोकांस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक होती, आणि मराठी अमलात ती पुष्कळ अंशी पाळली गेली, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १७६० साली फ्रेंच प्रवासी आंकतिल द्यु पेराँ साष्टीत आला, तेव्हा ठाण्यास हजारो ख्रिस्ती लोक उघडपणे व थाटाने आपला सण साजरा करताना त्याने पाहिले. गोमंतकातून आलेले देशी धर्मगुरू गावोगाव फिरत, मिस्सा अर्पीत, बाप्तिस्मा देत, लग्ने लावीत, प्रेते पुरीत. त्यांच्या मागे राजा नव्हता, तिजोरी नव्हती. कित्येक मंदिरे पडली होती. एका धर्मगुरूच्या गळ्यात अनेक गावे. अशा स्थितीत श्रद्धा टिकली ती कोठे? ती वेशीवरच्या क्रूसापाशी टिकली, जेथे संध्याकाळी पाखाडीतील बायाबापड्या जमून लदीन गात. ती भाताच्या शेतात टिकली, जेथे नव्या पिकाच्या लोंब्या प्रथम वेदीकडे न्यावयाच्या आणि मग घरी, हा आगेऱ्याचा सण चुकला नाही. ती उपवासकाळातील त्या मराठी पुराणाच्या ओव्यांत टिकली. ती चुलीपाशी टिकली, जेथे आजीने नातवाचा हात धरून त्यास क्रूसाची खूण शिकविली. या आज्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. परंतु मठाचे धर्मग्राममंदिर कोणी केले असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर, त्यांनी केले, हेच आहे.

पुढील कथा थोडक्यात सांगतो. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. १८६७ मध्ये विरारपासून मुंबईस आगगाडी धावू लागली आणि भातशेतीच्या गावांचा शहराशी संबंध जडला. १८८६ च्या करारान्वये साष्टी व वसईचे धर्मग्राम नव्या दमण धर्मप्रांतात गेले. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत मोडून ते मुंबईच्या महागुरुस्वामींच्या छत्राखाली आले. १८८७ मध्ये येथील मूळच्या ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव धारण करून आपली संस्था स्थापिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला व तो गावोगाव पसरला, तेव्हा लोकांनी पाखाडीपाखाडीत क्रूस उभारून परमेश्वराचा धावा केला. त्यांपैकी कित्येकांवरील साल आजही वाचता येते. आणि १९०१ साली ब्रदर पावलुस मोरिट्झ यांनी माउंट पॉइन्सर येथे संत फ्रान्सिसच्या मिशनरी बंधूंचा संघ स्थापिला. जो फ्रान्सिस १७३९ मध्ये येथून गेला, तो दीडशेहून अधिक वर्षांनी परत आला. पण या वेळी त्याच्या पाठीशी तलवार नव्हती. त्याच्या हाती पुस्तक आणि नांगर होते. आम्ही या परत येण्यास पहिल्या येण्याचे प्रायश्चित्त समजतो.

आज त्या टेकडीभोवती भाताची खाचरे उरलेली नाहीत. मंदिराच्याच नावावरून आय. सी. कॉलनी म्हणून ओळखली जाणारी वस्ती झाली, तिच्याभोवती उंच इमारती झाल्या. मंगळूर, गोवा, केरळ, वसई, तामिळनाडू येथून आलेली कुटुंबे ईस्ट इंडियन कुटुंबांच्या शेजारी बाकावर बसू लागली. कोणी कोणी हळूच विचारतात, "फादर, वारसा म्हणजे नक्की कोणाचा? जुन्या गावठाणाचा की आमचाही?" त्यांस आमचे सांगणे असे. जे रक्ताने मिळते ते वतन, आणि जे सांभाळल्याने मिळते तो वारसा. साष्टीच्या जुन्या घराण्यांनी कठीण काळात दिवा विझू दिला नाही, म्हणून त्यांस पहिला मान आहे. तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु त्या दिव्यात आज जो तेल घालील तो त्याचा वारस, मग त्याचा आजा कोठलाही असो.

संत फ्रान्सिसच्या चरित्रातील एक प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकला आहे. असिसीबाहेर संत दामियनाचे पडके मंदिर होते. तेथे क्रूसापुढे प्रार्थना करीत असता, माझे घर मोडकळीस आले आहे, ते दुरुस्त कर, अशी वाणी त्यास ऐकू आली. तरुण फ्रान्सिस भोळा. त्याने दगड-चुना वाहून आणून त्या मंदिराच्या भिंती नीट केल्या. दुरुस्त करावयाचे घर म्हणजे दगडांचे नव्हे, माणसांचे, हे त्यास पुढे उमगले. आमच्या मंडपेश्वरचा इतिहास हीच गोष्ट उलट्या क्रमाने सांगतो. येथे आरंभी दगडांचे घर उत्तम होते. ते पडल्यावर माणसांचे घर उभे राहिले. आज पुन्हा आपण संगमरवर, ध्वनिक्षेपक व रोषणाई यांत गुंतलो आहो. ते सारे असावे. परंतु १७३९ सारखी वेळ उद्या आली, उत्पन्न बंद झाले, इमारत गेली, धर्मगुरूही गेला, तर आपल्या घरच्या चुलीपाशी कोण नातवास क्रूसाची खूण शिकवील? ज्युबिलीच्या हिशेबातील ही खरी बाकी आहे.

आता त्या मुलास आमचे उत्तर. तो या सभेत कोठेतरी बसला असेल. बाळ, तुझ्या मित्रांनी पुन्हा विचारिले तर मान खाली घालू नकोस आणि आवाजही चढवू नकोस. सांग की, होय, तुमच्या पूर्वजांच्या देवस्थानात आमच्या धर्माच्या लोकांनी मठ केला. ते सत्तेच्या जोरावर झाले, आणि आमच्या पवित्र सभेने अशा गोष्टींबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली आहे. मग हेही सांग की, तो मठ पडल्यास अडीचशेहून अधिक वर्षे झाली, आणि त्यानंतर आमचा धर्म येथे राहिला तो कोणाच्या तलवारीने नव्हे, तर शेतात राबणाऱ्या आज्या-पणज्यांच्या प्रार्थनेने, तुमच्याच पूर्वजांच्या शेजाराने. शेवटी हे सांग की, आमच्या जुन्या बोलीत आम्ही आमच्या मंदिरास चर्च म्हणत नाही, देऊळ म्हणतो. तुमची आजी देवळात जाते, माझीही आजी देवळातच जाई. यावरून त्यांस काय समजावयाचे ते समजेल.

या ज्युबिलीच्या निमित्ताने आम्ही आपणांकडून तीन गोष्टी मागतो. पहिली : मंडपेश्वरच्या लेण्यात जाल तेव्हा पाहुण्यासारखे जा. ते सरकारने संरक्षिलेले स्मारक आहे आणि आपल्या हिंदू बांधवांस ते पूज्य आहे. तेथील एका खांबावरही आपल्या मुलाने नाव खरडू नये, आणि माथ्यावरील मठाच्या भिंतीवरही नाही. दुसरी : आपल्या घरातील वृद्धांपाशी जुनी गीते, पुराणातील ओव्या, पाखाडीच्या क्रूसांच्या हकिकती असतील, त्या त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. मठाचा ग्रंथसंग्रह गेला. आपला ग्रंथसंग्रह आपल्या ओटीवर खुर्ची टाकून बसला आहे, आणि तो फार काळ बसणार नाही. तिसरी : या वर्षी एकदा तरी आपल्या परधर्मीय शेजाऱ्यास हा इतिहास आपण होऊन सांगा, जसा आहे तसा, लाज न बाळगता आणि बढाई न मारता. लेवीय ग्रंथात ज्युबिलीला जमीन परत करावयास सांगितले आहे. बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांस आपण ती परत करू शकत नाही. परंतु त्यांच्या वारसांस सत्य परत करू शकतो, आणि त्यांचा मानही.

ज्या निष्कलंक मातेच्या नावाने त्या टेकडीजवळ मंदिर आहे, तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा पुरस्कार फ्रान्सिस्कन संघाने शतकानुशतके केला, आणि ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी तो श्रद्धासिद्धांत म्हणून घोषित केला. कलंक नसलेली ती एकटी. आपण सारे, आपले मठ आणि आपली मंदिरेसुद्धा, कृपेने धुतले जाणारे आहो. ती माता आपणांस खरे बोलण्याचे धैर्य देवो, आपल्या घरोघरचा दिवा तेवत ठेवो, आणि या टेकडीच्या छायेत नांदणाऱ्या सर्व धर्मांच्या लेकरांस एकमेकांचे शेजारी म्हणून सुखाने राहू देवो, हीच आमची प्रभुचरणी नम्र प्रार्थना आहे.